मोठ्यांच्या वॉर्डातल्या सिस्टर, लहानांच्या वॉर्डात

पावसाळ्याचे दिवस आहेत. बालकांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुले आहेत. अशा वेळी रात्रपाळीच्या एक सिस्टर आजारी पडतात. मेट्रनबाई मग हाडांच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या सिस्टरना तिकडे पाठवतात. वहीतली संख्या पूर्ण होते. काम पूर्ण होते का?

हा प्रश्न जुना आहे. लंडनमध्ये १८५२ साली डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी फक्त १० खाटांचे मुलांचे रुग्णालय सुरू केले. दोनच वर्षांनी त्यांनी परिचारिकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. विषय होता आजारी मुलांची शुश्रूषा. हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. मुंबईत १९२९ साली बाई जेरबाई वाडिया रुग्णालय खास मुलांसाठी उभे राहिले.

पण सगळ्या देशाची स्थिती निराळी होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ४३,००० लोकांमागे १ परिचारिका होती. अशा देशात मुलांसाठी वेगळी, मोठ्यांसाठी वेगळी परिचारिका कोठून आणणार? सर्व वॉर्डांत काम करू शकेल अशी परिचारिका घडवणे हाच त्या वेळचा शहाणपणाचा मार्ग होता.

वर्धा जिल्ह्यातले सेवाग्राम याचे चांगले उदाहरण आहे. १९४४ मध्ये कस्तुरबांचे निधन झाले. त्यानंतर डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथे स्त्रिया व मुलांसाठी १५ खाटांचे रुग्णालय उभे केले. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच्याच आधारे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. रुग्णालय मोठे झाले की विभाग वेगळे होतात. विभाग वेगळे झाले की माणसांचे हातही वेगवेगळ्या सवयींचे होतात. आपला प्रश्न येथे सुरू होतो.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. थोडे गणित करू. नवजात बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ३ किलोच्या बाळात २४० मिलिलिटर, जेमतेम एक मोठा पेला. त्यातले २४ मिलिलिटर गेले तर दहावा हिस्सा गेला. मोठ्या माणसाच्या बाबतीत हेच प्रमाण अर्ध्या लिटरचे होईल.

आता औषध पाहू. जेंटामायसिनच्या नेहमीच्या कुपीत २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम औषध असते. २ किलोच्या बाळाला किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर एकूण १० मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिलिटर. मोठ्यांच्या वॉर्डात अख्खी कुपी देण्याची सवय हाताला असते. तीच सवय येथे आठपट मात्रा देईल. यात सिस्टरचा निष्काळजीपणा नसतो. वर्षानुवर्षे बरोबर ठरलेली सवयच येथे चुकीची ठरते.

मग दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरना मुलांकडे पाठवूच नये का? याचे उत्तर विदर्भातच मिळते. डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्रामला गेले, शिक्षण तिथल्या नयी तालीमच्या शाळेत झाले. डॉ. राणी बंग आणि त्यांनी वर्धा जिल्ह्यात काम केले आणि १९८६ साली ते गडचिरोलीला गेले. तेथे निरक्षर दायांना न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी श्वास मोजण्याची मण्यांची पाटी बनवली. एका मिनिटाची वाळू पडू लागली की दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० ही धोक्याची रेषा, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०. पुढे ३९ गावांतल्या आरोग्यसेविकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्यात जेंटामायसिनचे इंजेक्शनही होते! १९९९ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा विचार करता नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते.

गावातली स्त्री जे करू शकली, ते प्रशिक्षित सिस्टरना अशक्य कसे असेल? मात्र गडचिरोलीतल्या स्त्रीला काम नेमून दिलेले होते, मात्रा आधी ठरवलेल्या होत्या आणि तपासायला येणारे माणूस नियमित येत होते. ऐन रात्री दुसऱ्या वॉर्डात धाडलेल्या सिस्टरजवळ यांतले काय असते? बरेचदा फक्त किल्ल्यांचा जुडगा.

म्हणून आम्हाला वाटते, माणसे हलवण्याआधी तयारी हलवली पाहिजे. दुसऱ्या वॉर्डांतल्या काही सिस्टरनी गर्दी नसताना मुलांच्या वॉर्डात काही पाळ्या कराव्यात. वजनानुसार मात्रांचा तक्ता भिंतीवर असावा. प्रत्येक इंजेक्शन दोघींनी पडताळावे. नव्या सिस्टरकडे आधी स्थिर झालेली मुले द्यावीत आणि अत्यवस्थ बाळ सरावलेल्या हातांत राहावे.

तुमच्या वर्गातही हा धडा घेता येईल. दशांश चिन्ह शिकवताना वरचे कुपीचे गणित द्या. मग मुलांना घरच्या झोपलेल्या तान्ह्या भावंडाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा आणि स्वतःचेही. दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. बाळाकडे वेगळ्या नजरेने का पाहायचे, हे मग मुलेच तुम्हाला सांगतील.