तळटीप : ‘फॉस्फो-ईआरके’ प्रतिपिंड
पेशीपृष्ठावर आलेला वाढीचा संकेत केंद्रकापर्यंत पोचवणाऱ्या साखळीतील ईआरके-१ व ईआरके-२ ही विकरे (अनुक्रमे ४४ व ४२ किलोडाल्टन) त्यांच्यातील एका थ्रिओनिनला व एका टायरोसिनला फॉस्फेट जोडले गेल्यावरच पूर्णपणे कार्यान्वित होतात, आणि येथे उल्लेखिलेले प्रतिपिंड नेमके हेच फॉस्फेटयुक्त रूप ओळखते. त्याला जोडलेला ‘अलेक्सा फ्लोर ४८८’ हा रंग निळ्या लेसरखाली हिरवा चमकत असल्याने वेगळ्या दुय्यम प्रतिपिंडाची गरज उरत नाही. मात्र प्रथिन पेशीच्या आत असल्यामुळे पेशी आधी फॉर्मल्डिहाइडने स्थिर करून मिथेनॉलने सच्छिद्र कराव्या लागतात, आणि त्यात दिरंगाई झाली तर फॉस्फेट काढून टाकणारी विकरे मोजायचा संकेतच पुसू शकतात. म्हणूनच वरील मजकुरातील ‘ईआरके आढळले नाही’ हे विधान जरा सैल आहे. या चाचणीत आढळली नाही ती त्याची सक्रियता.