डोकं धरणारी बाई

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे लातूरला आली, तेव्हा मिरज-लातूर हा मार्ग साऱ्या देशाला कळला. औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना तो फार आधीपासून ठाऊक होता, तो दुखण्यापायी. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची लहान गाडी 1911 साली लातूरला पोचली आणि 1927 साली दुसऱ्या अंगानं ती लाईन मिरजेला जाऊन मिळाली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली उभारलेला मिशनचा दवाखाना होता. गावच्या वैद्याचे उपाय संपले की कुणीतरी म्हणायचं, "आता मिरजेला दाखवा." नांदेडकरांची वाट वेगळी. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी मीटरगेज पकडायची आणि हैदराबादला उस्मानिया दवाखाना गाठायचा. 1948 पर्यंत लातूर काय, नांदेड काय, दोन्ही निजामाच्याच राज्यात. मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद ही नांदेडची सवय आजही मोडलेली नाही.

माझ्या आजोबांना भाकरीचा घास छातीत अडकायचा. त्यांना त्या लहान गाडीनं मिरजेला नेलं. आजी सांगायची, रात्रभर गाडीत ते एकच विचारत होते, "नळी घालतील का गं?" नळी घातली नाही. पांढरं, खडूसारखं औषध पाजलं आणि उभं करून फोटो काढले. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेत वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं हंसाला बिस्मथ खाऊ घालून घास गळ्यातून खाली उतरताना पाहिला होता. त्याच वाटेनं पुढं बेरियम आलं. बेरियम प्यायला बेचव, पण दुखत खुपत काही नाही. तरी आजोबांनी ती रात्र नळीच्या धसक्यात काढली. पुढं मी नर्स झाले आणि हाच प्रश्न जन्मभर ऐकला.

मी नर्सिंग शिकले अंबाजोगाईला. तिथलं, आज स्वामी रामानंद तीर्थांचं नाव असलेलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 चं. लातुरात त्याआधीच, 1966 साली, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं होतं. नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज 1988 साली झालं, लातूरला 2002 साली. या तारखा मी मुद्दाम सांगते आहे. घशातून नळी घालून आत बघायची दुर्बीण आमच्या भागात फार उशिरा आली, त्यामुळं तिच्याबद्दलच्या गोष्टी आधी पोचल्या. कुणाच्या मावसभावाला हैदराबादला कसं धरून ठेवलं, कुणाचा जीव कसा कासावीस झाला, हे पारावर बोललं जायचं. दुर्बीण बारीक झाली, मऊ झाली, ते मात्र पारावर कुणी बोललं नाही.

त्या गोष्टी खोट्याही नव्हत्या. 1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला अ‍ॅडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या जठरात पहिल्यांदा नळी उतरवून पाहिलं. नळी सरळ, ताठ, 47 सेंटिमीटर लांब आणि 13 मिलिमीटर जाड. असली नळी साधा माणूस गिळूच शकत नव्हता, म्हणून त्यांनी तलवार गिळणारा कसरतवाला गाठला. नळी गेली, पण आत उजेड पुरला नाही. म्हणजे या तपासणीचा पहिला रोगी रोगी नव्हताच. वर्षानुवर्षं घशाला सराव दिलेला माणूस होता तो.

असा सराव आपल्याकडंही होताच. हठयोगात वस्त्रधौती नावाची क्रिया आहे. चार बोटं रुंद आणि पंधरा हात लांब ओलं फडकं थोडं थोडं गिळायचं आणि परत बाहेर काढायचं. हे एका दिवसात कुणाला जमत नाही. पहिल्या दिवशी वीतभर, मग हातभर, असं गुरूच्या देखरेखीखाली वाढवत नेतात. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि नौली, उड्डियान अशा क्रियांच्या वेळी पोटात काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासलं. घसा शिकवला तर शिकतो, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आमच्या रोग्याला शिकायला वेळ नसतो एवढंच. तो सकाळी एसटीनं येतो आणि दुपारी त्याची तपासणी असते.

मग ज्याला सराव नाही त्यानं काय करायचं? याचं मला पटलेलं उत्तर एका बाईनं दिलं आहे. म्युनिकचे डॉ. रुडॉल्फ शिंडलर यांनी 1932 साली गेओर्ग वोल्फ या कारागिराकडून थोडी वाकणारी दुर्बीण करवून घेतली. तपासणीच्या वेळी त्यांच्या पत्नी गॅब्रिएले रोग्याचं डोकं धरून बसत. डोकं नीट धरलं नाही तर त्या नळीनं अन्ननलिका फाटण्याचा धोका होता, म्हणून ते जोखमीचं काम होतं. पण हात डोक्यावर आहे, कुणीतरी हळू आवाजात बोलतं आहे, यानं माणूस शांत राहतो हे त्या घरानं ओळखलं होतं. शिंडलर ज्यू वंशाचे. नाझींच्या छळामुळं 1934 साली त्यांनी शिकागो गाठलं आणि तिथंही दोघं तसंच काम करत राहिले. वैद्यकाच्या इतिहासात दुर्बिणीवर नाव शिंडलरांचं आहे. मी तिथं गॅब्रिएलेबाईंचंही नाव लिहीन, कारण हे काम मी केलं आहे. रोग्याच्या तोंडात नळी असते, त्याला बोलता येत नाही. त्याची बोटं वळली, डोळे फिरले, पाय आखडला, हे वाचणारं माणूस डोक्याशीच पाहिजे. डॉक्टरांचे डोळे आतल्या चित्राकडं असतात.

पुढं दुर्बीण खरोखरच मऊ झाली, आणि त्यात आपल्या माणसाचा वाटा आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी लंडनला हेरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काचेच्या केसाएवढ्या तंतूंतून चित्र पाठवण्यावर काम करत होते. 1954 साली त्यांचा लेख 'नेचर'मध्ये आला. तो वाचून अमेरिकेतल्या बेसिल हर्शोविट्झ यांनी सहकाऱ्यांबरोबर वळणारी दुर्बीण बनवली आणि 1957 साली ती आधी स्वतः गिळली. रोग्याची पाळी त्यानंतर आली. ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे, नांदेडला तर आवर्जून. हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले एक सरदारजी तपासणीला घाबरून दारातच उभे होते. कपानींचं नाव ऐकलं आणि ते आत येऊन टेबलावर आडवे झाले.

आता झोपेच्या औषधाबद्दल. "मला झोपवून टाका, मग काय करायचं ते करा," असं दर दुसरा रोगी म्हणतो. शुद्ध घालवून भीती घालवायची, याचाही एक मोठा अध्याय आपल्याच जुन्या राज्यात घडला. हैदराबादला सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं 1888 आणि 1889 साली क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे का हे तपासायला दोन आयोग बसले. लंडनच्या 'लॅन्सेट'नं आपला माणूस पाठवावा म्हणून निजामानं एक हजार पौंड दिले. लॉरींचं म्हणणं होतं, श्वासावर नजर ठेवा, नाडीची काळजी नको. क्लोरोफॉर्मनं हृदय थेट बंद पडू शकतं हे पुढच्या संशोधनानं दाखवलं आणि त्यांचं म्हणणं टिकलं नाही. पण श्वास बघत बसणं हे आजही आमचं पहिलं काम आहे. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म द्यायला शिकल्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आज दुर्बिणीसाठी घशात झायलोकेनचा फवारा मारतात, गरज पडली तर शिरेतून गुंगीचं इंजेक्शन देतात. नळी साधारण नऊ मिलिमीटरची, तपासणी काही मिनिटांची. फवाऱ्यानं घसा सुन्न पडतो आणि गिळता येत नाही असं वाटतं. ते आधी सांगितलं नाही तर माणूस तिथंच घाबरतो.

पण अन्ननलिकेची एक तपासणी अशी आहे की तिच्यात झोपवता येत नाही, आणि सगळ्यात जास्त भीती तिचीच. मॅनोमेट्री. घास अडकणाऱ्या माणसाची आधी दुर्बीण होते. आमच्या भागात तंबाखू आणि गुटखा एवढा, की कॅन्सर नाही ना हे आधी बघावंच लागतं. नळीच्या भीतीनं लोक इथं महिनोन्‌महिने घालवतात आणि भाकरी सुटून कण्यांवर येतात तेव्हा दाखवायला येतात. याचं मला फार वाईट वाटतं. दुर्बिणीत काही दिसलं नाही आणि तरी घास अडकतोच, तर अन्ननलिकेचे स्नायू नीट चालतात का, खालचं दार उघडतं का, हे दाब मोजून बघतात. 1880 च्या दशकात बर्लिनला क्रोनेकर आणि मेल्टझर यांनी छोटे फुगे लावलेल्या नळ्या वापरून हे मोजलं. मेल्टझर स्वतःच नळ्या गिळत असत. आजची नळी पेन्सिलीपेक्षा बारीक, तिच्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर दाब टिपणारी ठिकाणं, आणि पडद्यावर रंगीत चित्र. नळी नाकातून जाते. गुंगी द्यायची नाही, कारण गुंगीत स्नायूंचं वागणं बदलतं आणि तपासणी वाया जाते.

माहूरकडची एक मावशी मला आठवते. लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, गालफडं बसलेली. लग्नकार्यात ती पंगतीला बसत नव्हती. घरीसुद्धा सगळ्यांचं जेवण झाल्यावर उभ्यानं, घोटघोट पाणी पिऊन घास खाली ढकलायची. म्हणाली, "माय, मला काई कळू देऊ नको, झोपव मला." मी म्हटलं, "मावशी, तुमची अन्ननळी जागी पाहिजे, म्हणून तुम्हालापण जागं राहावं लागतं. पण मी हात सोडणार नाही." मग तिला नळी हातात दिली. तिनं ती बोटांत फिरवून पाहिली, वाकवून पाहिली. "येवढीच?" नाकात जेली लावली. नळी घशाशी आली तेव्हा तिला उबळ आली, डोळ्यांतून पाणी वाहिलं. हनुवटी छातीला टेकवायला लावली, हातात स्ट्रॉ घातलेला ग्लास दिला. "गिळा मावशी, गिळा, अजून एक घोट." प्रत्येक घोटाबरोबर नळी पुढं. घशाच्या पलीकडं गेल्यावर उबळ थांबली, तेव्हा तिनंच मान हलवली. नाकाला पट्टी लावून आडवं केलं. मग पाच-पाच मिली पाणी, दहा वेळा. एकदा गिळायचं आणि अर्धा मिनिट मधे गिळायचं नाही. सगळ्यांना वाटतं नळी जाताना अवघड असतं. खरं अवघड हे अर्धं मिनिट. लाळ साठते, जीव गिळू गिळू करतो. मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर मनात अंक मोजा. ती म्हणाली की अंक येत नाहीत, आणि विठ्ठलाचं नाव घेत राहिली.

तिच्या अन्ननलिकेचं खालचं दार उघडतच नव्हतं. हाच आजार 1674 साली इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी नोंदवला होता. देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून त्यांचा रोगी स्वतःच रोज घास खाली ढकलायचा, आणि तो कितीतरी वर्षं जगला. आता तोंडातूनच दुर्बीण घालून आतला स्नायू कापतात. जपानच्या हारुहिरो इनोए यांनी 2008 साली ते माणसावर सुरू केलं. हैदराबादला डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्या संस्थेत ते मोठ्या प्रमाणावर होतं, त्यामुळं नांदेडची गाडी पुन्हा त्याच वाटेनं रोगी घेऊन जाते.

एका मोठ्या खासगी दवाखान्यात मी पाहिलं आहे, रोग्याला काही न सांगता आत घेतलं आणि तो उठायला लागला तेव्हा दोघा वॉर्डबॉयनी खांदे दाबले. तपासणी झाली. तो माणूस पुन्हा कुठल्याच दवाखान्यात गेला नाही, असं त्याच्या मुलानं मला नंतर सांगितलं. तपासणीच्या खोलीत डॉक्टर, टेक्निशियन आणि मशीन यांच्या जोडीला एक माणूस फक्त रोग्याच्या डोक्याशी असला पाहिजे, आणि त्याच्या हातात दुसरं काम नको. कागद भरणं, फोन उचलणं, पुढचा रोगी तयार करणं, काही नको. याला पैसे लागतात, माणूस लागतो. मी सेवेत असताना हे मागत राहिले, आणि आताही मागते.

नव्या मुली शिकायला येतात तेव्हा त्यांना मी काही गोष्टी सांगते. नळी आधी रोग्याच्या हातात द्या. सुन्न झालेला घसा बंद पडलेला नसतो, हे फवाऱ्याच्या आधी सांगा. लाळ आली तर वाहू द्या, टॉवेल तुम्ही धरा. थांबायची खूण ठरवा, उजवा हात वर, आणि त्यानं हात वर केला तर खरंच थांबा, नाहीतर पुढचं काही तो ऐकणार नाही. नातेवाइकाला आत राहायचं असेल तर राहू द्या. आणि नळी पूर्ण बाहेर येईपर्यंत "झालं" म्हणू नका. नाकात वीतभर नळी असताना तो शब्द ऐकला तर माणूस अंग सोडतो, आणि उरलेली नळी निघताना त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो.