बंदराचा निवारा आणि पाण्याची खोली

ठाण्याच्या उत्तरेकडील माजिवड्याच्या परिसराचा नकाशा पाहिल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. उत्तरेस उल्हास नदीची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस येऊरचे डोंगर. एक खाडी वसईस समुद्राला मिळते, दुसरी मुंबई बंदरांत उतरते. पावसाळी वाऱ्यापासून असा निवारा किनाऱ्यावर थोड्याच ठिकाणीं आढळतो. ठाणें व कल्याण हीं बंदरें प्राचीन काळीं नांवारूपास आलीं, त्यांत या निवाऱ्याचा वांटा मोठा होता. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत कल्याणचा उल्लेख आहे. तेराव्या शतकांतील मार्को पोलो ठाण्याविषयीं लिहितो. मग मुंबईपुढें हीं बंदरें मागें कां पडलीं? एकोणिसाव्या शतकांतील सागरी नकाशे उत्तराचा एक भाग देतात.

जमिनीच्या नकाशांत गांवें व रस्ते मुख्य; सागरी नकाशांत मुख्य ते खोलीचे आंकडे. दोरीला बांधलेलें शिसें होडींतून पाण्यांत सोडावयाचें. त्याच्या बुडच्या खळग्यांत चरबी भरून तळाशीं वाळू आहे कीं चिखल, हें पाहावयाचें. आणि किनाऱ्यावरील टेकडी, देऊळ वा बुरूज यांच्या कोनांवरून ती जागा निश्चित करावयाची, अशी ही पद्धत होती. खोली वांवांत मांडीत. एक वांव म्हणजे सहा फूट. आंकडा ओहोटीच्या पाण्याचा धरीत, कारण भरतीवर विसंबलेलें जहाज ओहोटीस रुततें.

ईस्ट इंडिया कंपनीनें १८१० सालीं जेम्स हॉर्सबर्ग यांस आपले जलसर्वेक्षक नेमिलें. पुढें १८५० नंतरच्या दशकांत कंपनीच्या हिंदी नौदलांतील लेफ्टनंट टेलर यांनीं पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली. तें नौदल १८६३ सालीं मोडलें गेलें. १८७४ सालीं कलकत्त्यास सागरी मोजणीचें खातें स्थापन झालें, तेव्हां त्याचे प्रमुख टेलरच झाले.

जहाजांचा आकार वाढला तशी बंदराची कसोटी बदलली, आणि नकाशांनीं ती आंकड्यांत मांडिली. गलबताच्या तांडेलास निवारा व भरतीची वेळ पुरेशी होती. पावसाळ्यांत तर तो नारळी पौर्णिमेपर्यंत गलबत किनाऱ्यावर ओढूनच ठेवी. समुद्रपार जाणाऱ्या आगबोटीस मात्र बारमास खोल पाणी हवें. ठाण्यास निवारा होता, खोली नव्हती. विजयदुर्गास दोन्ही होतीं. खाडीच्या मुखाशीं वाळूचा अडसर नसल्यामुळें भर पावसाळ्यांतही तेथें मोठ्या जहाजास आसरा मिळे. पण त्याच्या पाठीशीं सह्याद्रि उभा. देशावरचा कापूस तेथवर यावा कसा? मुंबईस खोल पाणी होतें, आणि तिला वाटही मिळाली. १६ एप्रिल १८५३ रोजीं लोहमार्ग ठाण्यापर्यंत आला, १८५४ सालीं कल्याणास पोहोंचला आणि १८६३ सालीं बोरघाट चढून गेला. जो माल पूर्वीं ठाण्याकल्याणच्या धक्क्यांवर गलबतांत भरला जाई, तो त्यांच्या दारावरून गाडीनें मुंबईस जाऊं लागला.

तथापि नकाशावरील आंकडा जहाजापुरताच निवाडा देतो. तो मोजणीच्या दिवसाचा असतो. गाळ व मनुष्याची भर त्यास खोटें पाडितात. ज्या उथळ चिखलामुळें मोठीं जहाजें ठाण्याची खाडी टाळूं लागलीं, त्याच चिखलावर आज रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०२२ सालीं या खाडीस रामसर यादींत स्थान मिळालें. जहाजांच्या नकाशांत जें उणें ठरलें, तेंच तिचें धन ठरलें आहे. आतां तें भराव घालून बुजवावयाचें कीं राखावयाचें, हें तिच्या कांठीं राहणाऱ्यांच्या हातीं आहे.