आयर्नक्लॅड

काही इंग्रजी शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि पागडी न देता भाडेकरू होऊन बसतात. टेबल, कप, बस ही मंडळी तर आता आपल्या रेशनकार्डावर चढली आहेत. ‘आयर्नक्लॅड’ हा शब्द मात्र अजून उंबऱ्याबाहेरच उभा आहे. आत येतो तो कुणाचा तरी हात धरून. मिक्सर विकणाऱ्याबरोबर येतो तेव्हा ती ‘आयर्नक्लॅड गॅरंटी’ असते, वकिलाबरोबर येतो तेव्हा ‘आयर्नक्लॅड ॲग्रीमेंट’. अर्थ एकच : काही झालं तरी फुटणार नाही, मोडणार नाही, काळजी नसावी. आता माझ्यासारख्या, काळजी हाच ज्याचा पिढीजात धंदा आहे अशा माणसाला कुणी ‘काळजी नसावी’ म्हटलं की आधी तीच सुरू होते. म्हणून या शब्दाची जरा कुळकथा काढली.

मूळ शब्द बोटीचा. लाकडी लढाऊ जहाजांवर फुटणारे तोफगोळे पडू लागले तेव्हा जहाजांना चिलखत चढवायची कल्पना निघाली. फ्रेंचांनी १८५९ साली ‘ग्लोआर’ नावाचं असं जहाज पाण्यात सोडलं. शेजाऱ्याने फ्रिज घेतला की आपल्या घरात जे होतं तेच मग इंग्लंडात झालं आणि १८६० च्या डिसेंबरात त्यांचं ‘वॉरियर’ उतरलं. साडेचार इंच जाडीचं लोखंड! पण खरी गंमत त्या लोखंडाच्या मागे होती. तिथे १८ इंच जाडीचं सागवान होतं. नुसत्या लोखंडावर गोळा आदळला तर दणका थेट सांगाड्याला बसतो. तो दणका सोसायला मागे लाकूड लागतं. म्हणजे नाव लोखंडाचं आणि मार खाणार सागवान. हा प्रकार मला कुठल्याशा संसारात पाहिल्यासारखा वाटला, पण ते असो.

पुढे १८६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ या दोन लोखंडी बोटी समोरासमोर आल्या. काही तास एकमेकींवर गोळे झाडले, कुणीच बुडेना, शेवटी दोघी आपापल्या वाटेने गेल्या. दोघींचा अंत मात्र वेगळ्याच कारणाने झाला. ‘व्हर्जिनिया’ शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मे महिन्यात तिच्याच खलाशांनी ती उडवून दिली आणि ‘मॉनिटर’ वर्षाच्या शेवटच्या दिवशी वादळात बुडाली. गोळ्यांसाठी चिलखत होतं, पण पाणी काही गोळ्याच्या रूपाने आलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साता समुद्रापलीकडचं, त्याचं ठाण्याला काय? तर अशा दोन बोटी आपल्या उंबऱ्याशी, मुंबई बंदरात, तीसेक वर्षं उभ्या होत्या. मुंबईच्या रक्षणासाठी १८७० साली इंग्लंडात बांधलेल्या ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’. नावंही मुंबईच्याच पराक्रमाची, कारण १८६७-६८ ची ॲबिसिनियाची मोहीम इथून निघाली होती. हत्तीसुद्धा इथूनच बोटीत चढवून नेले होते. मॅग्डालाच्या अंगावर सहा ते आठ इंच लोखंड, फिरत्या बुरुजांत चार मोठ्या तोफा. इतका जामानिमा करून ती आली आणि शत्रूची वाट पाहत बसली. शत्रू आलाच नाही. अधूनमधून गोळाफेकीच्या सरावाला बाहेर जायचं आणि परत येऊन उभं राहायचं, एवढीच तिची नोकरी. १९०३-०४ च्या सुमारास दोघी विकल्या गेल्या. लग्नातला चांदीचा डिनर सेट ज्या घरात तीस वर्षं कपाटात राहिला आहे, त्यांना मॅग्डालाचं दुःख कळेल.

बोटी भंगारात गेल्या, शब्द मात्र किनाऱ्यावर उतरून धंद्याला लागला. १८६२ च्याच जुलैत अमेरिकन सरकारने नोकरांसाठी एक शपथ काढली. पुढे एकनिष्ठ राहीन एवढं म्हणून भागेना. मागेही कधी सरकारविरुद्ध आपखुशीने शस्त्र धरलं नाही, असं सांगावं लागे. पळवाट म्हणून ठेवलीच नव्हती. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘आयर्नक्लॅड शपथ’. पुढे तिकडच्या बागवानांनी कडाक्याच्या थंडीत टिकणाऱ्या सफरचंदांच्या जातींनाही आयर्नक्लॅड म्हणायला सुरुवात केली. मग करार, पुरावे, हमी सगळ्यांनीच ते चिलखत चढवलं.

आपल्या मराठीला पक्केपणासाठी समुद्रावर जायची गरज भासली नाही. आमचा सह्याद्री काळा, म्हणून आमची खात्री म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बोटी आम्हालाही परक्या नव्हत्या. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि आमच्या या खाडीच्या काठी गलबतं बांधायला काढली. कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. १६५९ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने फूस दिली आणि ते मुंबईकडे पळून गेले. आरमार तरीही उभं राहिलंच. चिलखतही आम्हाला ठाऊक होतं. त्याच १६५९ सालच्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली महाराजांनी ते घातलं होतं, पण अंगरख्याच्या आत. इंग्रजाचं चिलखत बाहेरून, चारचौघांना दिसेल असं. आपलं आतून.

हे सगळं पुराण मला उपयोगी पडलं ते आमच्या इमारतीच्या गच्चीवर. आमची इमारत नौपाड्यातली, चार मजली, लिफ्ट नसलेली. तिचा पुनर्विकास निघाला. गच्चीवर सतरंज्या अंथरून सभा भरली. बिल्डरच्या वकिलांनी ९६ पानांचं इंग्रजी बाड टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काळजी नसावी. एकदम आयर्नक्लॅड आहे.”

सतरा बिऱ्हाडांपैकी निम्म्यांनी मान डोलावली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, “असेल हो. पण मला मराठीत वाचून दाखवा.” काकूंचं वय ८२, घर एवढंच, आणि यजमान जाऊन बारा वर्षं झालेली. गल्लीतल्याच एका इमारतीचे लोक सात वर्षांपूर्वी सामान घेऊन बाहेर पडले ते अजून भाड्याच्या घरात आहेत. त्यांतले दोघे तिथेच गेले. काकूंनी ते पाहिलं होतं.

वकील हसून म्हणाले, “अहो आजी, कायद्याची भाषा आहे ही. मराठीत तशी मजा नाही यायची.”

तेव्हा मी उठलो आणि गच्चीवरून दिसणाऱ्या झाडांच्या पलीकडे बोट दाखवलं. त्या बाजूला ठाण्याचा तुरुंग आहे. मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. तिथे १८१५ पासून त्रिंबकजी डेंगळे कैदेत होते. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा आरोप, बाजीरावाचा उजवा हात. पळाला तर अनर्थ. म्हणून एल्फिन्स्टनच्या सरकारी व्यवस्थेत कसर नव्हती. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहारा फक्त गोऱ्या सोल्जरांचा! आणि तिथेच घोटाळा झाला. एका साहेबाचा मराठी मोतद्दार घोड्याची देखभाल करता करता कोठडीजवळ गाणं म्हणायचा. बाहेर माणसं कुठे दडली आहेत, घोडा कुठे उभा आहे, सगळा तपशील त्या गाण्यात. गोरे ऐकत होते, पण कळतंय कुणाला? सप्टेंबर १८१६ च्या एका रात्री डेंगळे पसार झाले. पुढे १८१८ मध्ये पुन्हा पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात त्यांचा शेवट झाला, हे खरं. पण ठाण्याचा बंदोबस्त तोफेने फुटला नाही. पहारेकऱ्यांना भाषा कळत नव्हती म्हणून फुटला.

“तेव्हा साहेब,” मी म्हटलं, “पहारा आम्ही द्यायचा आहे. आम्हाला गाणं कळलं पाहिजे.”

मग तीन रविवार त्या बाडाचं मराठीत पारायण झालं. पहिल्या रविवारी कांदाभजी होती म्हणून उपस्थिती पूर्ण. दुसऱ्या रविवारी भारताची मॅच होती म्हणून आठ माणसं. तिसऱ्या रविवारी एकेचाळीसाव्या पानावर आलो. पर्यायी घराचं भाडं बिल्डर देईल, नव्या इमारतीचा ओसी मिळेपर्यंत किंवा ३६ महिने, यांपैकी जे आधी घडेल तोवर. इंग्रजीत हे वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. फार भारदस्त वाटलं होतं.

काकूंनी चष्मा काढला. “म्हणजे ३६ महिन्यांत घर झालं नाही तर भाडं बंद?”

गच्ची शांत. खालून रिक्षाचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता. वकिलांनी पान उलटलं, परत उलटलं.

“सहसा तशी वेळ येत नाही,” ते म्हणाले.

“मग ‘आधी’ खोडा आणि ‘नंतर’ लिहा,” काकू म्हणाल्या. “तशी वेळ येतच नाही, तर तुमचं जातंय काय?”

यावर कायद्याच्या भाषेत उत्तर नव्हतं. बिल्डरने पाच आठवडे घेतले, दोनदा निरोप पाठवला, एकदा पेढे पाठवले, आणि अखेर तो शब्द बदलला. ९६ पानांतला एक शब्द. आम्ही सह्या केल्या. काकूंनी मराठीत केली, संपूर्ण नाव लिहून, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातून सोडला नाही.