इंजिन गार नव्हे, बेताचं गरम हवं

जुन्या मोटारींची फेरी निघाली, की रस्त्याच्या कडेला एखादी गाडी बॉनेट उघडून उभी असतेच. शेजारी पाण्याचा कॅन, भोवती दहा-पंधरा बघे, आणि त्यातला कुणीतरी जाणकाराच्या थाटात म्हणतो, "गरम झाली." म्हणण्याचा सूर असा, की गरम होणं हा मोटारीचा एकमेव आजार आहे आणि इंजिन जितकं गार तितकं ते निरोगी. निम्मं खरं आहे हे. माणसाचं अंग चाळीस अंशांवर गेलं की आपण डॉक्टरकडे धावतो. पण ते पस्तिसाखाली उतरलं तरी जिवाला तितकाच धोका असतो. इंजिनाचंही तसंच आहे. हे उरलेलं निम्मं सत्य माणसाला उमगायला मोटार जन्मल्यानंतर चाळीसेक वर्षं लागली. आपल्याकडच्या पुष्कळ गॅरेजांत तर ते उमगूनही बाजूला ठेवलं गेलं. त्याचीच ही हकिगत.

आधी आगीचा अंदाज घेऊ. पेट्रोल पेटतं त्या क्षणी सिलिंडरच्या आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जातं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव लोखंड बाराशेच्या आसपास. म्हणजे इंजिन ज्या धातूचं बनलंय, तो धातू वितळवण्याइतकी आग त्याच्या पोटात मिनिटाला हजारो वेळा पेटत असते. ढोबळ हिशेब असा, की इंधनातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा गाडी ओढायच्या कामी येतो, जुन्या गाड्यांत त्याहूनही कमी. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर पडते, आणि उरलेली कुठंतरी नेऊन टाकावी लागते. नाही टाकली, तर तेल पातळ होऊन जळतं, पिस्टन फुगून सिलिंडरला घट्ट धरतो आणि इंजिन जाम होतं.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांनी यावर अगदी साधा उपाय योजला होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं आणि ते खुशाल उकळू द्यायचं. वाफ हवेत जाईल, जाताना उष्णता घेऊन जाईल. यात एक गंमत आहे. उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांना उकळायला लागलं, की खाली कितीही जाळ घाला, ते त्याहून वर तापत नाही. म्हणजे जगातल्या पहिल्या मोटारीचं तापमान आपोआपच एका ठिकाणी राहत होतं. त्यासाठी ना यंत्र लागत होतं, ना काटा. किंमत एकच, पाणी सतत आटायचं.

ही किंमत पहिल्यांदा मोजली ती बेंझ यांच्या पत्नी बर्था यांनी. ऑगस्ट १८८८ मध्ये आपल्या दोन मुलांना घेऊन त्या मॅनहाइमहून फॉर्झहाइमला मोटारीनं निघाल्या. अंतर शंभरेक किलोमीटर. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधन त्यांनी एका औषधाच्या दुकानातून घेतलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्या दिवशी इंधनापेक्षा जास्त वेळा त्यांना थांबावं लागलं ते पाण्यासाठी. ओढा दिसला, खाणावळ दिसली, की थांबायचं आणि पाणी ओतायचं. लांबच्या वाटेवर मोटारीला घोड्यासारखंच पाणी पाजावं लागत होतं.

पाऊण अश्वशक्तीच्या गाडीला हे चालून गेलं. पस्तीस अश्वशक्तीच्या गाडीला सोबत पाण्याचं पिंप न्यावं लागलं असतं. त्यातून वाट काढली विल्हेल्म मायबाख यांनी. १९०० साली, डाइमलर कंपनीच्या नव्या मर्सिडीझ गाडीसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. सहा मिलिमीटर बाजूच्या चौकोनी ८,०७० नळ्या एकावर एक रचलेल्या. नळ्यांमधून वारा जायचा आणि नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतून गरम पाणी. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरायचं, त्यामुळे नऊएक लिटरवर काम भागू लागलं. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथल्या शर्यतींत या गाडीनं बाकीच्यांना मागं टाकलं. मोटारीला समोरून तिचा ओळखीचा चेहरा मिळाला तो इथून. तो चेहरा म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची खिडकीच आहे.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीनं हे काम आणखी स्वस्त केलं. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटी निघाल्या. सुरुवातीच्या अडीचेक हजार सोडल्या, तर त्यांत पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि गार पाणी जड म्हणून खाली उतरतं, चुलीवरच्या पातेल्यात आपण रोज पाहतो तेच, एवढ्यावर सारी भिस्त. मात्र पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की फिरणं बंद, आणि इंजिन तापलंच. तेव्हा गाडी किती तापली आहे हे कळावं म्हणून १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या टोपणावर बसवायचा एक तापमापक बाजारात आला. बॉइस मोटोमीटर त्याचं नाव. चालकानं काचेतून समोर बघायचं, लाल रेघ वर चढली की थांबायचं. इथवर साऱ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, गाडी जास्त तापू नये.

थंडीचा विचार मात्र उलट बाजूनं सुरू झाला. इंजिनं ठरल्या मुदतीआधीच का झिजतात? बोअर मोठे होतात, रिंगा सैल पडतात, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. वाटायचं, घर्षणामुळे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनीअर्स या संस्थेसाठी सिलिंडरच्या झिजेवर पद्धतशीर प्रयोग केले. निष्कर्ष चकित करणारा होता. गरम इंजिनापेक्षा थंड इंजिन कितीतरी वेगानं झिजत होतं, आणि त्याला मुख्यतः घर्षण नव्हे, तर गंज जबाबदार होता.

याचं कारण पेट्रोलच्या ज्वलनातच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं, की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. सिलिंडरची भिंत थंड असेल तर गार तांब्यावर बाहेरून दव धरावं तसं ते आतून भिंतीवर धरतं. त्यात जळालेल्या वायूंतली आम्लं मिसळतात आणि लोखंड खातात. त्यातच चोक ओढलेला असला, तर न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली उतरून चेंबरमधलं तेल पातळ करतं. आपल्याकडे बाया सांगतात, तवा तापल्याशिवाय भाकरी टाकू नये. त्याच जातीचं हे शहाणपण आहे.

यावरचा उपाय तोवर हाताशी आलेला होता. इंजिनातून पाणी रेडिएटरकडे निघतं त्या तोंडाशी बसवलेली एक छोटी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना ती बंद असते, पाणी इंजिनातच घुटमळतं आणि लवकर तापतं. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास पोहोचलं की ती उघडू लागते. जितकी उष्णता जास्त तितकी जास्त उघडते. पहिल्या झडपांत पितळेचा भाता असे, आत लवकर वाफ होणारा द्रव. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने यांनी त्या जागी मेणाची गोळी आणली. मेण वितळताना फुगतं, त्या जोरानं झडप उघडते. पाण्याऐवजी वाऱ्यानं थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्येसुद्धा वारा अडवून धरणारा थर्मोस्टॅट होता. गार ठेवणं पुरेसं नाही, गरमही राखावं लागतं, हे एव्हाना सर्वमान्य झालं होतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११००, म्हणजेच १९७४ पासूनची पद्मिनी, ही महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांची गाडी. इंजिन १०८९ सीसीचं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून ही गाडी जास्त तापली, की हेड वाकायचं, गॅस्केट जायचं आणि तेलात पाणी उतरायचं. एका वेळच्या गरम होण्यात टॅक्सीवाल्याची महिन्याची कमाई जायची.

खंडाळ्याचा घाट ही या गाडीची परीक्षा. उंचीमुळे पाणी लवकर उकळतं असं लोक म्हणतात. पण खंडाळ्याच्या उंचीवर तो फरक जेमतेम दोन अंशांचा. खरं कारण दुसरं. चढावर इंजिन पूर्ण जोर लावत असतं आणि गाडी मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. उष्णता सर्वांत जास्त आणि समोरून येणारा वारा सर्वांत कमी. त्यात वारा पाठीवरचा असला तर विचारूच नका.

आमचे एक मामू मुंबईत टॅक्सी चालवत. गाडी हाती आली की पहिल्याच आठवड्यात थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा त्यांचा आणि त्यांच्या मिस्त्रीचा नेम. "अडकला तर हेड जाईल. नसलाच तर अडकेल काय?" मी पुस्तकातलं वाचून थंड इंजिनाची गोष्ट काढली, तर हसून म्हणाले, "बाळा, माझं इंजिन थंड कधी पडतं? सकाळी सुरू होतं ते रात्री बंद."

मामूंचं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते जपून घ्यायला हवं. टॅक्सी दिवसभर धावते, गर्दीत थांबते, उन्हात तापते. तिचं इंजिन झडपेशिवायही गरम राहतं. पण तोच मिस्त्री, तोच नेम घेऊन, दवाखान्यात जायला चार किलोमीटर गाडी काढणाऱ्या डॉक्टरांची फियाट दुरुस्त करत असे. त्या गाडीचं इंजिन डिसेंबरच्या पुण्यात घरापासून दवाखान्यापर्यंत एकदाही नीट तापत नसे. टॅक्सीचं शहाणपण घरच्या गाडीला लागू पडलं नाही. काही इंजिनांत तर झडप काढली की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आज महाराष्ट्रात ज्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडर उरल्या आहेत, त्या बहुतेक रविवारच्या गाड्या आहेत. दिवसभर राबणारी क्वचितच. मामूंचा नेम ज्या गाडीसाठी होता ती गाडी आता नाही. नेम मात्र गॅरेजांत शिल्लक आहे.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी मिस्त्रीला एवढं जरूर विचारावं, की आत थर्मोस्टॅट आहे का. नसेल तर नवा बसवावा; बसवण्याआधी पातेल्यातल्या गरम पाण्यात सोडून तो उघडतो का, हे घरीही पाहता येतं. गाडी तापतच असेल तर दोष झडपेवर न ढकलता रेडिएटर साफ करून घ्यावा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचा थर आतून बसतो आणि उष्णता अडवतो. गळती थांबवायला हळद टाकायची आपली जुनी युक्तीही त्याच बारीक नळ्या बुजवते; ती घरी पोहोचण्यापुरती, कायमची नव्हे. नुसत्या पाण्याऐवजी कूलंट घालावं. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकाच पाण्यात असले की गंज लवकर धरतो, आणि कूलंट तो थोपवतं. गाडी तापलीच, तर टोपण लगेच उघडू नये. दर चौरस इंचाला सात पौंड दाबाचं टोपण असेल, तर आतलं पाणी १११ अंशांपर्यंत न उकळता राहू शकतं. टोपण सैल होताच ते एकदम उकळून अंगावर येतं.

आणखी एक सवय सोडायला हवी. बंद पडू नये म्हणून पुष्कळजण दर आठवड्याला गाडी पाच मिनिटं जागेवरच चालू करून ठेवतात आणि बंद करतात. एवढ्यात पाण्याचा काटा जरा हलतो, पण तेल गार ते गारच राहतं. त्या पाच मिनिटांत तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये, तेलात, सिलिंडरच्या भिंतीवर तसंच मुरतं. माया म्हणून केलेल्या या कामानं गाडी आतून खंगते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा काढावी, पण काढली की अर्धा-पाऊण तास चांगली रस्त्यावर चालवावी. काटा मध्यावर येऊन स्थिर होईपर्यंत, आणि त्यानंतरही थोडी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)