घड्याळातला घाट

कतारगामला चढ नाही. तापीकाठचा सुरतचा हा भाग सपाट. उंचावर जायचं म्हटलं तर एखादा उड्डाणपूल, नाहीतर अमरोलीच्या पुलाची जेमतेम चढण. खरा घाट हवा असेल तर डांगचं जंगल ओलांडून सापुतारा गाठावं लागतं, म्हणजे जवळजवळ नाशिक जिल्ह्याच्या वेशीवर. रोज कुणाला जमणार? आणि एमटीबी, म्हणजे जाड खाचांच्या टायरची डोंगरी सायकल, ही तर चढासाठीच जन्मलेली. मग इथल्या एमटीबीवाल्यानं तयारी करायची कशी?

घड्याळ लावून. चार मिनिटं जीव तोडून पॅडल मारायचं, तीन मिनिटं हलक्या गिअरवर सैल सोडायचं, की पुन्हा चार मिनिटं. असं चार वेळा. सायकलवाले याला ‘इंटरव्हल मारणं’ म्हणतात, जिमवाले ‘हिट’ म्हणतात. ही रीत आता इतकी सर्रास झाली आहे की ती मोबाइलच्या अ‍ॅपमधून आली असं नव्या मुलांना वाटतं. तिचं कूळ मात्र शंभरहून जास्त वर्षांचं आहे, आणि ते सायकलीचं नाही, धावण्याचं आहे.

फिनलंडचे धावपटू विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच थांबत थांबत पळण्याचा सराव करत होते. लाउरी पिहकाला या प्रशिक्षकानं त्याला वळण दिलं. पण त्याला मोजमापाची शिस्त लावली ती जर्मनीत 1930 च्या दशकात वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकानं आणि हर्बर्ट राइन्डेल या फ्रायबुर्गच्या हृदयतज्ज्ञानं. त्यांची पद्धत ऐकायला सोपी आहे. शंभर-दोनशे मीटर असं पळायचं की नाडी मिनिटाला 180 पर्यंत जावी. मग थांबायचं आणि नाडी 120 वर येण्याची वाट पाहायची. दीड मिनिटात ती खाली आली तर पुढची फेरी. नाही आली तर फेरी फार जोरात झाली, आता आवरतं घ्या.

यातली खरी गोम ‘थांबायचं’ या भागात आहे. आजही बहुतेकांना वाटतं की इंटरव्हल म्हणजे छाती फुटेस्तोवर जोर लावणं, आणि मधला वेळ म्हणजे नाइलाजानं घेतलेला दम. गेर्शलर-राइन्डेल यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. पळणं थांबल्यावर नाडी झपाट्यानं उतरते, पण रक्त हृदयाकडे परततच असतं. त्या काही सेकंदांत हृदयाचे कप्पे भरपूर भरतात, ताणले जातात आणि एकेका ठोक्याला जास्त रक्त बाहेर फेकतात. हृदय घडतं ते या विश्रांतीत, असं ते सांगत. पुढच्या शास्त्रानं हे सगळं जसंच्या तसं मान्य केलं नाही. आज जास्त भर असतो तो शरीर प्राणवायू वापरण्याच्या आपल्या कमाल मर्यादेजवळ किती वेळ राहिलं यावर. तरी विश्रांतीलाही माप हवं, ही त्यांची देणगी मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या तालमीत जोर-बैठका मोजल्या जातात. इथे दोन जोरांमधला वेळही वहीत मांडला गेला.

गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं 15 जुलै 1939 रोजी मिलानमध्ये 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत काटले. आधीचा जागतिक विक्रम तब्बल 1.8 सेकंदांनी मागे पडला. या अंतरात एवढी झेप म्हणजे जवळजवळ अशक्य गोष्ट, आणि हा विक्रम 1955 पर्यंत टिकला. हार्बिग तो मोडलेला पाहायला उरला नाही. 1944 साली तो युद्धात मारला गेला.

युद्धानंतर हीच रीत एमिल झाटोपेकनं आपल्या पद्धतीनं उचलली. झ्लीनच्या बाटा बुटांच्या कारखान्यात काम केलेला हा चेक धावपटू 400 मीटरच्या वीस, तीस, पुढे चाळीस आणि त्याहून जास्त फेऱ्या मारी, मधे हळू पळत दम घेई. पुष्कळदा जंगलात, लष्करी बूट घालून. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली, त्यातली मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच पळून. त्यानंतर या पद्धतीला कुणी वेडेपणा म्हणेना.

मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. 1914 च्या सुमारास पुण्यात ज्याचे नियम बांधले गेले, तो आपला खो-खो अंगकाठीनं हाच खेळ आहे. खो मिळाला की उसळायचं, पाच-दहा सेकंद जिवाच्या आकांतानं पाठलाग करायचा, खो द्यायचा आणि उकिडवं बसून धाप आवरायची. फरक इतकाच की तिथे विश्रांती किती मिळेल हे घड्याळ ठरवत नाही, गडी ठरवतात.

धावण्यातली ही रीत सायकलवर आली प्रयोगशाळेतून. 1960 साली स्टॉकहोममध्ये इर्मा आणि पेर-ओलोफ ऑस्ट्रँड यांनी सहकाऱ्यांसह माणसाला जागच्या सायकलवर बसवून भारी काम करायला लावलं. सलग केलं तर तो काही मिनिटांतच गळून जाई. तेच काम अर्धा मिनिट जोर, अर्धा मिनिट विसावा असं तोडून दिलं, तर तासभर निभे, आणि जोराच्या कामात रक्तात साचणारं लॅक्टेटही फार चढत नसे. तेच तुकडे तीन-तीन मिनिटांचे केले की मात्र दमछाक होई. तुकडा किती लांबीचा यावर सगळं फिरतं, हे इथे उघड झालं.

मग 1996 साली जपानमधल्या कानोया इथल्या क्रीडासंस्थेतून इझुमी ताबाता यांचा शोधनिबंध आला: 20 सेकंद सर्वस्व ओतून, 10 सेकंद थांबून, अशा सात-आठ फेऱ्या. ही आखणी मुळात इरिसावा कोइची या स्केटिंगच्या प्रशिक्षकाची. ताबातांनी तिचा अभ्यास केला आणि जगानं तिला त्यांचंच नाव दिलं. प्रशिक्षकाचं श्रेय असं मागे पडावं, याची मला खंत वाटते. सहा आठवड्यांत या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढलीच, शिवाय प्राणवायूवाचून ताकद लावण्याची क्षमताही 28 टक्क्यांनी वाढली. तासभर मध्यम गतीनं सायकल मारणाऱ्या गटात ही दुसरी वाढ दिसलीच नाही. दहा वर्षांनी कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या चमूनं दाखवलं की दोन आठवड्यांत 30-30 सेकंदांच्या झटक्यांनी, विश्रांती धरून एकूण अडीच तासांत, स्नायूंमध्ये जे बदल होतात, तेच साडेदहा तासांच्या संथ सायकलिंगनं होतात.

कतारगामसारख्या ठिकाणी हा अडीच तासांचा आकडा फार महत्त्वाचा आहे. इथला हिरे-कारागीर दिवसभर घंटीपाशी, म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडायच्या फिरत्या चकतीपाशी, बसलेला असतो, डोळ्याला आयग्लास लावून पैलू तपासत. तापीच्याच वरच्या अंगानं, खानदेशातून सुरतेत आलेली मराठी कुटुंबं उधना-लिंबायतकडे लूमवर बाराबारा तासांच्या पाळ्या करतात. यांच्याकडे रोजचे तीन तास सायकलला कुठून येणार? पहाटेची चाळीस मिनिटं मिळू शकतात. ऊन चढायच्या आत, सिंगणपोर कॉजवेच्या बाजूला, दहा-पंधरा मिनिटं अंग तापवून घेतलं तर चार फेऱ्या त्यात बसतात. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, कारण रोज केलं तर पाय आणि झोप दोन्ही बिघडतात. हृदयाची किंवा रक्तदाबाची तक्रार असेल, तर आधी डॉक्टर.

आता डोंगरी सायकल. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत एका कच्च्या उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी जुन्या जड सायकलींची शर्यत लावली. उतार एवढा तीव्र की मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नव्यानं भरावं लागे. पुढच्या शर्यतींत जो ब्रीझ आणि गॅरी फिशर हे सायकल बांधणारेही उतरले. सायकली वर बहुतेक ट्रकमधून जात, म्हणजे चढाचा प्रश्नच नव्हता. चढ आला तो क्रॉस-कंट्री शर्यतींबरोबर. 1990 साली कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि 1996 मध्ये अटलांटाला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. महाराष्ट्रात संगमनेरची प्रणिता सोमण याच प्रकारात राष्ट्रीय विजेती झाली.

या शर्यतीत शरीरात काय चालतं, हे 2002 साली फ्रँको इम्पेलिझेरी यांनी मोजलं. सरासरी ठोके कमाल ठोक्यांच्या 90 टक्क्यांच्या आसपास, तेही शर्यतभर. दोन वर्षांनी फ्रायबुर्गच्या, हो, त्याच फ्रायबुर्गच्या संशोधकांनी जर्मन स्वारांच्या सायकलींना ताकद मोजणारी यंत्रं लावली. ठोके वरच राहिले होते, पण पायांची ताकद मात्र सतत वरखाली उसळत होती: चढावर मर्यादेपलीकडे, उतारावर जवळपास शून्य. म्हणजे शर्यत स्वतःच इंटरव्हल होती, पण ओबडधोबड, घड्याळाला न जुमानणारी.

गेर्शलरचं गणित इथे तसंच्या तसं चालत नाही. उतारावर पाय थांबतात, पण ठोके हवे तेवढे उतरत नाहीत. बोटं ब्रेकवर आवळलेली, दंड आणि मांड्या धक्के झेलत ताठ, नजर पुढच्या दगडावर. विश्रांती म्हणावी तर तीही कष्टाचीच. म्हणून सपाट सुरतेत तयारी करणाऱ्यानं चार-चार मिनिटांच्या फेऱ्यांबरोबर आठवड्यातून एकदा नदीकाठची कच्ची वाट धरावी: 40 सेकंद जोर, मग 20 सेकंद पॅडल थांबवून, खोगिरावर न बसता, उभ्यानंच खड्डे चुकवत जायचं. अशा दहा फेऱ्या. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर पायांआधी मनगटं बोलू लागतात, आणि सापुताऱ्याच्या उतारावर दगा देतात तीही बहुधा मनगटंच.