संहिता-तपासकाचा एडिटरमधील प्रवेश : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आज्ञावलीतील चुका कोणी, केव्हा व कोठे दाखवाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः यंत्राचा नियम आणि लिहिणाऱ्याचा विवेक यांपैकी अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामागे आहे. प्रस्तुत लेखात १९७८ ते २०१६ या काळातील त्याच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

लिंटचा उदय

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी ‘लिंट’ हा तपासक तयार केला. कापडावर चिकटलेले बारीक तंतू असा या शब्दाचा अर्थ आहे. आज्ञावलीचे शीघ्र रूपांतर करणे हे कंपायलरचे काम होय. लिंटने मात्र सवडीने, अनेक फाइली एकत्र पाहून, न वापरलेली चले व विसंगत प्रकार शोधावेत, अशी ही विभागणी होती. युनिक्स प्रणाली निरनिराळ्या यंत्रांवर नेली जात असल्यामुळे अशा तपासणीची निकड होती. लिंटचा इशारा अनाठायी असल्यास संहितेतच विशिष्ट टीप लिहून तो थांबविण्याची सोयही जॉन्सन यांनी ठेवली.

एडिटरमधील जोडणी

प्रारंभी तपासक स्वतंत्रपणे चालवून ओळींचे क्रमांक पाहत फाइल पुन्हा उघडावी लागे. ब्रॅम मूलेनार यांच्या विम (१९९१) या एडिटरमधील ‘क्विकफिक्स’ सोयीने हा व्याप कमी केला. तिच्यासाठी दोनच गोष्टी ठरवाव्या लागतात : कोणती आज्ञा चालवायची आणि तिचे उत्तर कोणत्या नमुन्याने वाचायचे. त्यानंतर कर्सर थेट सदोष ओळीवर जातो. ईमॅक्सच्या २००७ मधील २२व्या आवृत्तीत ‘फ्लायमेक’ समाविष्ट झाले व टंकलेखन चालू असतानाच दोष दिसू लागले. विममध्ये मात्र तपासणी संपेपर्यंत लिहिणाऱ्यास थांबावे लागे. २०१६ मध्ये आठव्या आवृत्तीने पार्श्वभूमीवर काम चालविण्याची सोय दिल्यावर ही अडचण दूर झाली.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्या सहकार्याने ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर केला. १० भाषा व ५ एडिटर यांसाठी पूर्वी ५० जोडण्या लागल्या असत्या. समान संकेतामुळे १५ घटक पुरेसे ठरतात.

नियमांचा अधिकार

डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेएसलिंटमध्ये (२००२) कर्त्याच्या मतांचा प्रभाव ठळक होता. निकोलस झाकास यांच्या ईएसलिंटने (२०१३) प्रत्येक नियम बंद, इशारा किंवा चूक अशा श्रेणीत ठेवण्याचे स्वातंत्र्य दिले. नियमांची फाइल संहितेसोबतच ठेवली जाऊ लागल्याने हा निर्णय व्यक्तीचा न राहता गटाचा झाला.

समारोप

चूक घडणे आणि ती लक्षात येणे यांतील अंतर चार दशकांत क्षणांवर आले. तथापि निरर्थक इशारे वाढले की वाचणारा खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. म्हणून तपासक बसविणे हे काम जोडणीपाशी संपत नाही. कोणता नियम का स्वीकारला, याचे उत्तर माणसालाच द्यावे लागते. जॉन्सन यांनी ठेवलेल्या त्या छोट्या सोयीचे महत्त्व यातच आहे.